पुण्यातून उडणारं लाकडी जेट : व्हॅम्पायर आज कुठे उडतं, आपल्याला कुठे पाहता येतं?

मानपाडा : २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ विमानाला निरोप देण्यात आला, तेव्हा आपल्या भागात बऱ्याच जणांनी तो कार्यक्रम मोबाइलवर पाहिला. १९६३ पासून हवाई दलात असलेलं विमान. आपल्या नाशिक जिल्ह्यात ओझरच्या कारखान्यात ही विमानं बनली, म्हणून जरा जवळचं वाटतं. कार्यक्रम संपला आणि माझ्या मुलाने विचारलं, "पप्पा, ही विमानं आता जातात कुठे? परत कधीच उडत नाहीत का?"

उत्तर मला माहीत नव्हतं. म्हणून आमच्या शेजारच्या नानांकडे गेलो. नाना हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे. १९६० च्या दशकात पुण्याला लोहगावला होते. नोकरी संपल्यावर डोंबिवली एमआयडीसीत काम केलं आणि इथेच राहिले. वय ८० च्या पुढे. मुलाचा प्रश्न ऐकून नाना हसले आणि म्हणाले, "मिगचं सोड. मी ज्याच्यावर हात काळे केले ते विमान लाकडाचं होतं, माहीत आहे का तुला? जेट, पण लाकडाचं."

पोराला वाटलं नाना गंमत करतात. मलाही तसंच वाटलं. पण नाना खरं बोलत होते. त्या विमानाचं नाव व्हॅम्पायर. आणि गंमत म्हणजे ८० वर्षांपूर्वीच्या रचनेचं हे जेट जगात काही ठिकाणी आजही उडतंय. ते काय होतं, पुण्याशी त्याचा संबंध काय, आज कुठे उडतं आणि आपल्यासारख्याला कुठे पाहायला मिळतं, ही सगळी माहिती एका जागी देत आहे.

व्हॅम्पायर म्हणजे काय?

इंग्लंडच्या डी हॅविलँड कंपनीने दुसऱ्या महायुद्धात हे लढाऊ जेट तयार केलं. पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९४३ ला झालं. युद्ध संपेपर्यंत ते लढाईत उतरलं नाही, पण नंतर जगातल्या कितीतरी देशांनी ते घेतलं. सगळी मिळून ३ हजारांहून जास्त व्हॅम्पायर बनली.

या विमानाच्या नावावर दोन मोठे विक्रम आहेत. ३ डिसेंबर १९४५ ला इंग्लंडच्या नौदलाचे वैमानिक एरिक ब्राऊन यांनी ते विमानवाहू जहाजावर उतरवलं. समुद्रातल्या जहाजावर जेट उतरण्याची ती जगातली पहिली वेळ. आणि जुलै १९४८ मध्ये सहा व्हॅम्पायर अटलांटिक महासागर पार करून अमेरिका खंडात गेली, तेही जेट विमानांत पहिल्यांदाच.

थोडक्यात माहिती अशी :

- लांबी : साधारण साडेनऊ मीटर. म्हणजे आपल्या एसटी बसपेक्षाही थोडी कमी.
- पंखांची रुंदी : साडेअकरा मीटरच्या आसपास.
- इंजिन : एकच, नाव गॉब्लिन.
- वेग : ताशी ८५० ते ९०० किलोमीटरच्या दरम्यान.
- हत्यारं : नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा. शिवाय बॉम्ब किंवा रॉकेट.
- ओळखायची खूण : शेपटीकडे एक धड जात नाही, दोन दांडे जातात. मागे ते दांडे आडव्या पट्टीने जोडलेले. एकदा फोटो पाहिला की कुणीही ओळखेल.

लाकडाचं जेट कसं काय?

वैमानिक बसतो तो पुढचा भाग, म्हणजे नाक आणि बैठक, लाकडाचा होता. पंख आणि मागचे दांडे धातूचे. आपल्या घरी फ्लश डोअर असतो ना, बाहेरून प्लायवूडचे पापुद्रे आणि आत हलकं लाकूड, तशीच रचना. फक्त इथे आत बाल्सा नावाचं फार हलकं लाकूड आणि बाहेरून बर्चचं प्लायवूड. साच्यावर वाकवून, गोंदाने चिकटवून ते तयार करायचे. युद्धात धातूची टंचाई होती, सुतार मात्र भरपूर होते. म्हणून डी हॅविलँडने आधी मॉस्किटो नावाचं बॉम्बफेकी विमान असंच लाकडाचं केलं होतं. तीच युक्ती जेटमध्ये वापरली.

नाना सांगतात, नाकावर बोटाने टकटक केलं की पत्र्यासारखा आवाज यायचा नाही, दारावर वाजवल्यासारखा यायचा.

इंजिन : आपल्या पंपाचा भाऊ

गॉब्लिन इंजिन समजायला शेतकऱ्याला अवघड नाही. विहिरीवरच्या मोटारीचा पंप उघडून पाहिलाय ना? आत इंपेलर असतो. तो गरगर फिरतो आणि मधून आलेलं पाणी कडेला जोराने फेकतो. गॉब्लिनमध्ये अगदी तसाच मोठा इंपेलर आहे, फक्त तो पाण्याऐवजी हवा फेकतो.

पंखांच्या मुळाशी दोन बाजूंना तोंडं आहेत. तिथून हवा आत येते. इंपेलर ती दाबून गोल मांडलेल्या १६ भट्ट्यांमध्ये ढकलतो. तिथे रॉकेलसारखं इंधन जळतं. तापलेली हवा जोराने मागे निघताना एक चक्र फिरवते, तेच चक्र पुढचा इंपेलर फिरवतं. मिनिटाला १० हजारांच्या वर फेरे. उरलेला जोर मागच्या नळीतून बाहेर पडतो आणि विमान पुढे जातं. साधारण दीड टनाचा रेटा.

आता दोन दांड्यांची शेपटी का, तेही यातूनच कळतं. सुरुवातीच्या इंजिनात जोर कमी होता. गरम हवा लांब नळीतून न्यायची तर काही जोर वाटेतच जिरायचा. पाइपलाइन लांबवली की आपल्या शेताच्या टोकाला पाणी कमी येतं, तसंच. म्हणून नळी आखूड ठेवली आणि शेपटी दोन्ही बाजूंनी दांड्यांवर नेली.

इंजिन चालू करायला बाहेरून बॅटरीची ट्रॉली लावावी लागायची. "ती ट्रॉली ओढायचं काम नव्या पोरांचं," नाना म्हणाले. "पुण्याची थंडी असो की पाऊस, पहाटे ओढायची."

भारतात आणि पुण्यात

भारताच्या हवाई दलाचं पहिलं जेट म्हणजे व्हॅम्पायर. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये पहिली विमानं आली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सव्वा वर्षात. पुढे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात परवान्यावर ती आपण स्वतः बनवली. १९५० च्या दशकात आपल्या वैमानिकांच्या एका अख्ख्या पिढीने जेट उडवायला सुरुवात केली ती याच विमानावर.

पुण्याचा लोहगाव तळ त्या काळात फार महत्त्वाचा होता. १९६१ च्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा १८ डिसेंबरला पुण्याहून १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं गेली आणि दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्यांचं नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांनी केलं. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून हंटर विमानं गेली, त्यांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र फोडलं. दाभोळीचं नाव लक्षात ठेवा, लेखात पुढे परत येणार आहे.

१ सप्टेंबर १९६५

पुण्याच्या ४५ नंबरच्या स्क्वाड्रनकडे व्हॅम्पायर होती. १९६५ च्या ऑगस्टमध्ये काश्मीरकडे तणाव वाढला, तेव्हा हे स्क्वाड्रन पठाणकोटला हलवलं गेलं.

१ सप्टेंबरला पाकिस्तानने छांब भागात रणगाडे घेऊन मोठा हल्ला केला. आपल्या फौजेवर फार दाब आला. लष्कराने हवाई दलाची मदत मागितली. त्या वेळी संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण आणि हवाई दलप्रमुख होते अर्जन सिंग. चव्हाण साहेबांनी वेळ न घालवता परवानगी दिली. संध्याकाळी पाचच्या सुमारास पहिली विमानं उडाली ती व्हॅम्पायर.

अडचण अशी, की १९४३ च्या रचनेचं ते विमान तोवर जुनं झालं होतं. समोर पाकिस्तानची अमेरिकी सेबर जेट होती, वेगाने बरीच पुढे. शिवाय आपल्या एक आसनी व्हॅम्पायरमध्ये वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर फेकणारी यंत्रणा नव्हती. विमान पेटलं तर स्वतःच छत उघडून उडी मारायची.

त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर परत आली नाहीत. फ्लाइट लेफ्टनंट ए. के. भागवागर, व्ही. एम. जोशी आणि एस. भारद्वाज हे तिघे शहीद झाले. फ्लाइट लेफ्टनंट एस. व्ही. पाठक यांना पॅराशूटने उतरता आलं, ते वाचले. पण विमानं गेली म्हणून हल्ला करणाऱ्या रणगाड्यांना मोकळं रान मिळालं नाही, सैन्याला त्या संध्याकाळी उसंत मिळाली. त्यानंतर व्हॅम्पायरला पुढच्या आघाडीवरून मागे घेतलं. दोन-तीन दिवसांत सेबरसमोर नॅट नावाची छोटी जेट उतरली आणि तिथून चित्र बदललं.

नाना तेव्हा पुण्यालाच मागे राहिले होते. ते या विषयावर जास्त बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "ज्या मशिनी आम्ही तयार करून दिल्या, त्यातल्या चार आल्या नाहीत. हँगरमध्ये दोन दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही."

मग ही विमानं आज उडतात कशी?

इथे स्वित्झर्लंडचं नाव घ्यावं लागेल. या छोट्या देशाने आपली व्हॅम्पायर फार जपून वापरली आणि थेट १९९० मध्ये निवृत्त केली. इतर देशांत तोवर ती भंगारात गेली होती. स्वित्झर्लंडने मात्र ती चालू स्थितीत विकायला काढली. जगभरातल्या हौशी लोकांनी आणि संस्थांनी ती घेतली. म्हणून आज उडणाऱ्या व्हॅम्पायरपैकी बरीच मूळची स्विस आहेत.

मुख्य ठिकाणं अशी :

नॉर्वे. इथे हवाई दलाच्या जुन्या विमानांसाठी वेगळी संस्था आहे. त्यांच्याकडे दोन व्हॅम्पायर आहेत, एक एक आसनी आणि एक दोन आसनी. दोन्ही जोडीने युरोपातल्या हवाई प्रदर्शनांत उडतात.

इंग्लंड. १९५० च्या दशकातलं दोन आसनी प्रशिक्षण व्हॅम्पायर, क्रमांक डब्ल्यूझेड ५०७, हौशी मंडळींनी मिळून उडतं ठेवलं. ज्या देशात हे विमान जन्मलं, तिथेही उडणारी अशी मोजकीच आहेत.

ऑस्ट्रेलिया. हे उदाहरण मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण ते गावाचं आहे. सिडनीपासून ४०० किलोमीटरच्या वर आत टेमोरा नावाचं गाव आहे. वस्ती चार-पाच हजार. आजूबाजूला गव्हाची शेतं. दुसऱ्या महायुद्धात तिथे वैमानिक शिकवायला एक विमानतळ केला होता. युद्ध संपलं. पुढे डेव्हिड लोवी नावाच्या उद्योजकाने तिथे संग्रहालय उभं केलं, पण अट एक : विमानं नुसती उभी करायची नाहीत, उडवायची. तिथे व्हॅम्पायर आहे, मिटिओर नावाचं आणखी जुनं जेट आहे, पुण्याहून गोव्याला गेलेल्या जातीचं कॅनबेराही आहे. २०१९ मध्ये ही विमानं ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाच्या नावावर झाली आणि २०२१ पासून त्यांच्यासाठी १०० नंबरचं खास स्क्वाड्रन आहे. उड्डाणाच्या दिवशी आसपासचे शेतकरी पोराबाळांसह कुंपणाला उभे राहून पाहतात.

आपल्या भागातल्या वाचकाला यावरून काय आठवेल ते मी सांगायला नको. नेवाळीची धावपट्टीही दुसऱ्या महायुद्धातलीच. मलंगगडाच्या वाटेवर आपण सगळे ती पाहत आलोय. तिथल्या जमिनीचा प्रश्न वेगळा आहे, जून २०१७ मध्ये त्यावरून काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो आधी सुटावा. पण त्या धावपट्टीचाही काही इतिहास आहे आणि तो आपल्या पोरांना कुणी सांगत नाही, हेही तितकंच खरं.

जुनं जेट उडतं ठेवणं सोपं का नाही?

जुना ट्रॅक्टर चालू ठेवणाऱ्याला हे लगेच कळेल. फरक इतकाच, की ट्रॅक्टर बंद पडला तर बांधावर उभा राहतो.

१. सुटे भाग. कंपनीच उरलेली नाही. एका विमानासाठी दोन-तीन न उडणारी विमानं फोडून भाग काढावे लागतात. जे मिळत नाही ते नव्याने घडवायचं आणि तपासून घ्यायचं.

२. लाकूड आणि गोंद. व्हॅम्पायरचा हा खास त्रास. ओल लागली की गोंद सुटतो, प्लायवूड फुगतं. म्हणून ते कायम कोरड्या हँगरमध्ये ठेवावं लागतं. कोकणातल्या पावसात ते उघड्यावर ठेवलं तर काय होईल, आपल्या घरच्या दाराकडे बघून समजा.

३. इंजिनाचे तास. जेट इंजिन ठरावीक तास चाललं की उघडून तपासावंच लागतं. म्हणून मालक लोक वर्षातून मोजकीच उड्डाणं करतात, तास वाचवून वापरतात.

४. माणसं. जुन्या विमानाचा हात बसलेले वैमानिक आणि फिटर म्हातारे होत चाललेत. नव्यांना शिकवायला तेच लागतात.

५. सुरक्षा. हा सगळ्यात मोठा मुद्दा. इंग्लंडमध्ये १ ऑगस्ट २०१५ ला एका कार्यक्रमात जुनं नॅट जेट पडलं, वैमानिक गेला. तीनच आठवड्यांनी, २२ ऑगस्टला, शोरहॅम इथे जुनं हंटर जेट कसरत करताना भर रस्त्यावर कोसळलं आणि ११ जणांचा जीव गेला. त्यातले काही जण तर प्रदर्शन पाहायलाही आले नव्हते, रस्त्याने चालले होते. त्यानंतर तिथे जुन्या जेटचे नियम फार कडक झाले. म्हणून "आपल्याकडेही उडवा" असं म्हणणं सोपं आहे, पण त्यामागे ही जबाबदारी येते.

आपल्या देशात जुनी विमानं उडतात का?

उडतात. हवाई दलाची व्हिंटेज फ्लाइट नावाची तुकडी आहे. त्यात टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डकोटा ही विमानं आहेत. पण ही तिन्ही पंख्याची आहेत, जेट नाहीत.

यातलं डकोटा पाहण्यासारखं. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरला उतरली ती याच जातीची विमानं, आणि काश्मीर वाचलं. भंगारात निघालेलं एक डकोटा इंग्लंडमध्ये दुरुस्त करून राजीव चंद्रशेखर यांनी हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डकोटा उडवायचे. २०१८ मध्ये ते इंग्लंडहून उडतच भारतात आलं. नाव ठेवलं परशुराम. २०२१ च्या प्रजासत्ताक दिनी राजपथावरून ते उडालं, कदाचित तुम्ही टीव्हीवर पाहिलंही असेल.

म्हणजे पैसा, हौस आणि जिद्द असेल तर आपल्याकडेही होतं. आपली लढाऊ जेट मात्र, व्हॅम्पायर असो, नॅट असो की मारुत, चबुतऱ्यावर किंवा संग्रहालयात उभी आहेत.

पाहायला जायचं तर कुठे?

गोवा, दाभोळी. बोगमाळोच्या रस्त्यावर विमानतळाजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासून. इथे व्हॅम्पायर आहे. शिवाय विक्रांत जहाजावरचं सी हॉक, विराटवरचं सी हॅरियर आणि इतर बरीच विमानं आहेत. १९६१ मध्ये ज्या धावपट्टीवर बॉम्ब पडले, ती इथून जवळच. जायचं कसं : ठाणे किंवा पनवेलहून कोकण रेल्वेने मडगाव, तिथून बसने वास्को, पुढे बोगमाळोची बस किंवा रिक्षा. सोमवारी संग्रहालय बंद असतं. निघण्याआधी वेळ पाहून घ्या.

मुंबई, वरळी. नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात मारुत जेट आहे. हे भारतातच आखलेलं आणि बनवलेलं पहिलं लढाऊ जेट, पहिलं उड्डाण १७ जून १९६१. आपल्याकडून लोकलने दादरला गाडी बदलून महालक्ष्मी, तिथून टॅक्सी किंवा बस. शाळेच्या सहलीला एका दिवसात होणारं ठिकाण.

पुणे, घोरपडी. दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्ध स्मारक. इथे मिग-२३ जातीचं विमान ठेवलंय. पुण्याला कामाला गेलात तर वाटेत होतं.

दिल्ली, पालम. हवाई दलाचं मुख्य संग्रहालय. व्हॅम्पायरसह जुन्या काळातली अनेक विमानं एका छताखाली.

बंगळूर. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं संग्रहालय. ज्या कारखान्याने आपली व्हॅम्पायर बनवली, त्याची गोष्ट इथे कळते.

पाहायला गेलात तर एक करा. विमानाच्या फक्त समोर फोटो काढून परत फिरू नका. व्हॅम्पायर असेल तर पंखाच्या मुळाशी हवेची तोंडं बघा, मागे आखूड नळी बघा, दोन दांडे बघा. वर वाचलेलं सगळं डोळ्यांसमोर येईल. आणि हात लावू नका, आतलं लाकूड ७० वर्षांचं आहे.

नानांनी काय पाहिलं?

भात झोडून झाल्यावर एका नातेवाइकाच्या लग्नाला आम्ही गोव्याला गेलो. एक दिवस काढून मुलाला घेऊन दाभोळीला संग्रहालयात गेलो. मुलाने व्हॅम्पायरचे बारा-पंधरा फोटो काढले. परत आल्यावर नानांना दाखवले.

नानांनी चष्मा लावला. आधी पूर्ण विमान पाहिलंच नाही. फोटो मोठा करून पुढच्या चाकाचा जोड पाहिला, मग छताची कडी पाहिली. म्हणाले, "हे दोन सीटचं आहे, शिकवायचं. आमच्याकडे एक सीटची होती. पण पाय तेच."

मग मुलाने नॉर्वेच्या दोन व्हॅम्पायरचा व्हिडिओ लावला. उडतानाचा. नानांनी मोबाइल हातात घेतला नाही, नुसते ऐकत राहिले. त्या इंजिनाला एक वेगळाच आवाज आहे, गडगडाट कमी आणि शिट्टी जास्त. विमान गेलं, आवाज विरला.

"परत लाव," नाना म्हणाले.

मुलाने चार वेळा लावला. चौथ्या वेळी नाना त्याला सांगायला लागले, शिट्टीचा आवाज कुठे चढतो, म्हणजे वैमानिकाने इंजिन कधी वाढवलं. आता रोज संध्याकाळी शाळेतून आला की पोरगा त्यांच्याकडे जातो. एका वहीत त्याने व्हॅम्पायरचं चित्र काढलंय आणि नाना सांगतात तसं प्रत्येक भागाचं नाव लिहितोय. बॅटरीची ट्रॉली कुठे लागायची, इंधन कुठून भरायचं, सगळं. हे कुठल्या संग्रहालयाच्या पाटीवर लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

आपल्या कल्याण, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर, मुरबाड तालुक्यांत सैन्यातून, नौदलातून, हवाई दलातून निवृत्त झालेली माणसं गावोगाव आहेत. कुणी फिटर, कुणी ड्रायव्हर, कुणी वायरलेसवाला. त्यांनी कुठल्या मशिनीवर काम केलं, ते कधी विचारलंय का? विमान परत उडवायला कोट्यवधी लागतात. विचारायला काही लागत नाही. फक्त लवकर विचारा, कारण ही माणसं ८० च्या पुढे गेली आहेत.